ब्रीम थांब्यात घेतो: सॉफ्ट प्लास्टिकवर मासा का लागत नाही, याचं सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी दाभोळच्या खाडीत गरवलेलं आहे, सिडनीत येऊन दोन वर्षं झाली. जॉर्जेस नदीवर कोळंबीच्या आमिषाला ब्रीम मासे मिळतात, पण सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या बनावट आमिषावर, सहा महिन्यांत एकही लागला नाही. सामान म्हणजे 4000 नंबरचं रील, 15 पौंडी ब्रेडेड (विणलेली) लाइन, 20 पौंडी लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला वेगळा धागा), 1/4 औंसचं जिगहेड (वजनाचं डोकं असलेला गळ) आणि त्यावर चार इंची पॅडलटेल (वल्ह्यासारख्या शेपटीचं प्लास्टिक). आतापर्यंत सात रंग विकत घेऊन झाले. रंग चुकतोय की जागा, असं तुम्ही विचारलंय.

रंग चुकत नाहीये आणि जागाही चुकत नाहीये. तुमचं जिगहेड फार जड आहे, आणि ते पाण्यात तुम्ही क्षणभरही शांत राहू देत नाही. ब्रीम प्लास्टिक घेतो तो ते खाली पडताना, नाहीतर तळावर पडून राहिलेलं असताना. खाली मी बरंच लिहिणार आहे, पण ते सगळं या एकाच गोष्टीपाशी येतं.

मी सतरा वर्षं सिडनीत आहे आणि त्यातली चौदा वर्षं जॉर्जेस नदीत कयाकमधून प्लास्टिकवरच मासे धरते. पहिलं सव्वा वर्ष माझंही तुमच्यासारखंच गेलं. आमिषाला मासा लागायचा, प्लास्टिकला लागायचा नाही. हे का होतं ते मला एका जुलैच्या सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. हिवाळ्यात इथलं पाणी नितळ असतं. ओटली बे जवळच्या एका खासगी तरंगत्या जेट्टीच्या सावलीत तीन ब्रीम उभे होते. पोलराइज्ड गॉगलमधून अगदी काचेच्या पेटीतले मासे पाहावेत तसे दिसत होते. मी प्लास्टिक टाकलं आणि ओढत आणलं. तिघेही मागोमाग आले, हातभर अंतर ठेवून, आणि परत फिरले. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्या वेळी माझी लाइन रीलवर अडकली म्हणून मी ती सोडवत बसले. तेवढ्यात प्लास्टिक तळावर जाऊन पडलं. त्या तिघांतला सगळ्यात मोठा पुढे आला, डोकं खाली आणि शेपटी वर करून जवळजवळ उभा राहिला, प्लास्टिक तोंडात ओढून घेतलं, थुंकलं, परत घेतलं, परत थुंकलं. हे दोनदा झालं आणि माझ्या हातातल्या रॉडला काहीही कळलं नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी समजल्या. एक, हलतं प्लास्टिक त्याला बोलावतं, पण तोंड तो थांबलेल्याला लावतो. दुसरी, लाइन सैल असेल आणि आपलं लक्ष नसेल तर तो खाऊन थुंकून निघून जातो आणि आपण म्हणत राहतो की आज मासा नाही.

कारण त्याच्या खाण्यात आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा यलोफिन ब्रीम, म्हणजे अकँथोपॅग्रस ऑस्ट्रेलिस. गोव्याकडे, सिंधुदुर्गात ज्याला पालू म्हणतात तो त्याचा जवळचा भाऊबंद. तोंड लहान, पुढे खुंट्यांसारखे दात आणि आत दाढा. खडपावरची कालवं, शिणाणे, लहान चिंबोऱ्या तो या दाढांनी फोडतो. वाळूतले निपर (कोळंबीसारखे छोटे जीव), कोळंबी, लहान मासळी हेही त्याचं रोजचं जेवण. आता कोळंबी घाबरली की काय करते ते आठवा. शेपटी पोटाखाली मारून मागच्या मागे उडी घेते, मग पाय पसरून हळूच तळावर उतरते आणि निपचित राहते. ब्रीम त्या उतरण्याची वाट पाहतो. सरळ रेषेत, एकाच वेगाने, न थांबता पळणारी कोळंबी त्याने कधी पाहिलेली नाही.

म्हणून पहिला बदल जिगहेडचा करा. 1/4 औंस म्हणजे सात ग्रॅम. ते पाण्यात दगडासारखं जातं, त्यात उतरणं असं काही राहतच नाही. मी वापरते ते 1/28, 1/16 आणि 1/12 औंस, म्हणजे साधारण एक, पावणेदोन आणि सव्वादोन-अडीच ग्रॅम. गळ 2 किंवा 1 नंबरचा. 1/8 औंस, साडेतीन ग्रॅम, फक्त खोल पाणी किंवा जोराच्या ओढीसाठी. नियम असा की तळ गाठता येईल इतपत हलकं, त्याहून एक पायरीही जड नाही. जॉर्जेस नदीत दीड-दोन मीटर पाण्यात, वारा कमी असेल तर 1/28 पुरतं. पूल आणि त्यांचे खांब, जिथे पाणी पळत असतं, तिथे 1/12.

आमच्याकडे शिसं जितकं जड तितकी गरी लांब जाते आणि ओढीत टिकते, हे हाताला शिकवलेलं असतं. मुंबई-दाभोळकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा. मुंबईत उधाणाला साडेचार-पाच मीटर पाणी चढतं-उतरतं, त्या ओढीला जड शिसं लागतंच. सिडनीत हाच फरक मोठ्यात मोठ्या उधाणाला दोन मीटरच्या आसपास असतो. ओढ सौम्य, पाणी स्वच्छ. तुमचा हात अजून कोकणातल्या खाडीत आहे. मला हे स्वीकारायला वेळ लागला, म्हणून स्पष्ट लिहिते.

एक ग्रॅमचं जिगहेड 15 पौंडी लाइनवर फेकलं जाणार नाही, ही तुमची पुढची तक्रार असेल आणि ती बरोबर आहे. लाइन बारीक हवी. 4 ते 6 पौंडी ब्रेडेड, 1000 ते 2500 नंबरचं रील, सात फुटांच्या आसपासचा 1-3 किंवा 2-4 किलोचा लवचीक टोकाचा रॉड. तुमचं 4000 नंबरचं रील विकू नका, ते टेलर माशाला आणि किनाऱ्यावरून मारायला चालेल. पण या कामासाठी दुसरं घ्या. महागडं घ्यायची काही गरज नाही. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा रीलचा ब्रेक) गुळगुळीत सुटतो का, एवढं दुकानातच हाताने ओढून पाहा. अडखळत सुटणारा ड्रॅग चार पौंडी लाइनला पहिल्याच धावेत तोडतो.

लीडर फ्लुओरोकार्बनचा, 4 ते 6 पौंडी, लांबी दीड-दोन रॉडइतकी. साधा तंगूसही चालतो, पण फ्लुओरोकार्बन पाण्यात कमी दिसतो, बुडतो आणि कालवांवर घासला तरी जरा जास्त टिकतो. ब्रेडेड आणि लीडरची गाठ डबल युनी. एफजी गाठ जास्त सडपातळ होते आणि रॉडच्या कड्यांतून अडकत नाही, पण थंडीत, हलत्या कयाकमध्ये ती बांधणं सगळ्यांना जमत नाही. घरी जेवणाच्या टेबलावर वीस वेळा बांधून मग पाण्यावर जा. जिगहेडला मी छोटा फासा ठेवून लूप गाठ मारते, म्हणजे प्लास्टिक गळ्याशी आवळलं जात नाही, मोकळं डुलतं. आणि प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांमधून ओढून पाहा. खरखरीत लागला की कापून टाका. मी हयातीतला सगळ्यात मोठा ब्रीम असाच घालवला. आधीच्या माशाने लीडर घासला होता, मला बोटांना कळलंही होतं, आणि फक्त एक टाक, म्हणजे एक फेक, म्हणून मी तसाच पुढे वापरला. तो मासा कयाकच्या बाजूला येऊन आडवा झाला होता.

आता मुख्य काम, म्हणजे टाकल्यानंतर काय करायचं.

प्लास्टिक पाण्यात पडलं की रीलचा बेल (लाइन अडवणारी तारेची कडी) हाताने बंद करा आणि रॉडचं टोक पाण्याकडे आणा. लाइन पूर्ण ताणू नका. ताणली तर प्लास्टिक तुमच्याकडे झोके घेत येतं, सरळ खाली पडत नाही. पूर्ण सैलही सोडू नका. लाइन पाण्याला जिथे टेकते तिथे तिला किंचित कमान असावी, हवेत लटकलेल्या झालरीसारखी. नजर त्या बिंदूवर. आणि मनात आकडे मोजा. दोन मीटर पाण्यात 1/28 ला माझे सावकाश म्हटलेले आठ-दहा आकडे होतात. मग ती कमान मऊ पडते, लाइन पाण्यावर सुस्त पसरते, याचा अर्थ प्लास्टिक तळाला लागलं. पहिल्या दोन टाकांत फक्त हा आकडा शोधा, मासा नको.

आकडा कळला की पुढचं सोपं होतं. आठ आकडे लागणाऱ्या जागी लाइन पाचव्या आकड्याला थांबली, तर ते तळ नाही, तो मासा आहे. लाइन अचानक बोटभर पुढे सरकली, बाजूला गेली, टचकन उडाली, तो मासा आहे. माझे निम्म्याहून जास्त ब्रीम हाताला न जाणवता, फक्त डोळ्याने धरलेले आहेत. म्हणून पाण्यावर सहज दिसणारी पिवळी किंवा फिकट हिरवी ब्रेडेड घ्या. माशाला दिसतो तो पुढचा लीडर, ब्रेडेडचा रंग तुमच्यासाठी आहे.

तळाला लागल्यावर दहा आकडे काहीही करू नका. दहा आकडे उभं राहणं किती जड जातं ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल. मग रॉडचं टोक मनगटाने दोनदा वर, प्रत्येक वेळी वीतभर, म्हणजे ती कोळंबीची उडी झाली. सुटलेली लाइन रीलवर घ्या, पुन्हा कमान, पुन्हा आकडे, पुन्हा थांबा. एका टाकाला दीड-दोन मिनिटं लागली पाहिजेत. तुम्ही लिहिलंय की तासाभरात साठ-सत्तर टाक मारता. तीस-चाळीस पुरेत.

आणि टोचलं की हिसका नको. कोळंबीच्या आमिषाला टोचताक्षणी हिसका देतात, ते आमिष मऊ असतं, त्याला वास असतो, मासा ते सोडत नाही. प्लास्टिकवर ब्रीम आधी शेपटी चिमटीत धरतो, टक, टक. त्या वेळी हिसका दिला की प्लास्टिक त्याच्या ओठांतून निसटतं. शेपटीचा तुकडा कुरतडलेला परत आला तर समजा घाई झाली. टकटक लागली की रॉड तसाच ठेवा, रील अगदी हळू फिरवत राहा, काहीच घडलं नाही अशा वेगाने. वजन आलं, रॉडचं टोक वाकलं, की रॉड नुसता वर उचला. गळ लहान आणि धारदार आहे, तो आपसूक लागतो. वजन आलंच नाही तर प्लास्टिक तिथेच खाली पडू द्या. तो परत येतो. त्या जुलैच्या सकाळी पाहिलंय मी.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शावर ठेवा. सहा पौंडी लीडर असेल तर साधारण पाऊण किलो. ब्रीमची पहिली धाव नेहमी आडोशाकडे, खांबाकडे, कालवांकडे असते. मी तेव्हा रीलच्या चकतीवर बोट टेकवून जरासा दाब देते, तो वळला की काढते. बारीक तारेचे गळ ब्रीमच्या दाढांमध्ये सापडले तर सरळ वाकतात, तेव्हा जेट्ट्यांखाली जरा जाड तारेचं जिगहेड लावा.

जागेबद्दल. जॉर्जेस नदीचे काठ सँडस्टोनचे आहेत आणि भरतीच्या रेघेत सगळीकडे कालवं लागलेली असतात. तुमच्या आजीने कोयतीने जिथे कालवं फोडली असती तिथे ब्रीम असतो, असं धरून चाला. लुगार्नोपासून कोमोपर्यंतचे खडकाळ काठ, पडलेली झाडं, उभ्या करून ठेवलेल्या बोटींच्या सावल्या, कोमो आणि टॉम अग्लीज पुलांचे खांब, सॉल्ट पॅन क्रीकमधली तिवरं. काठावर उभं राहून लांब नदीच्या मधोमध टाकू नका, मासा तुमच्या पायाशी असतो. काठाला समांतर टाका. जेट्टी असेल तर तिच्या सावलीत आत टाका, सावलीबाहेर पडलेला टाक वाया गेला असं समजा. कालवांच्या शेतीच्या चौकटी दिसल्या तर बाहेरून टाकायला हरकत नाही, पण चौकटीला बोट बांधणं किंवा हात लावणं अजिबात नको, ते कुणाचं तरी पीक आहे आणि कायद्यानेही मनाई आहे. टॉवरा पॉइंटच्या संरक्षित क्षेत्रात काही भागात मासेमारी बंद आहे, नकाशा पाहूनच जा.

वेळ. दिवस उगवतानाचा आणि मावळतानाचा एक-दीड तास, त्यातही भरती पूर्ण होऊन पाणी उतरायला लागलं की पहिले दोन-तीन तास. तिवरांत आणि खाजणासारख्या उथळ भागात शिरलेला कोळंबी-कुर्ल्यांचा खाऊ पाण्याबरोबर बाहेर येतो आणि ब्रीम तोंडाशी उभा राहतो. हे आपल्या खाडीसारखंच आहे. पण आपला तिथीचा पाऊणपटीचा हिशेब, तिथीला तीनने गुणून चारने भागायचं आणि भरतीची वेळ काढायची, तो इथे चालत नाही. कोकणात पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, सिडनीत ती साधारण सकाळी आणि रात्री आठ-नऊला येते. म्हणजे उधाणाच्या तीन-चार दिवस आधी, एकादशी-द्वादशीच्या सुमारास, पहाटे पाच ते सहाच्या दरम्यान भरती पूर्ण होते आणि उजाडतं तेव्हा ओहोटी लागलेली असते. मी वर्षभराचं कॅलेंडर याच दिवसांवर खुणा करून भिंतीवर लावते. नेमकी मिनिटं भरतीच्या तक्त्यातून घ्या, आणि उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं हे विसरू नका. भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा) पाणी मंद असतं, तेव्हा पुलाखाली हलकं जिगहेड वापरता येतं, एवढाच फायदा.

मोठा पाऊस पडला तर नदीचा वरचा भाग गढूळ आणि गोडा होतो आणि ब्रीम खाली, समुद्राच्या बाजूला सरकतो. तेव्हा दोन-चार दिवस कॅप्टन कुक पुलाच्या बाजूला प्रयत्न करा, गडद प्लास्टिक आणि वासाचं.

प्लास्टिकबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंय आणि मी सगळ्यात कमी लिहिणार आहे. चार इंची बाजूला ठेवा, ते फ्लॅटहेड माशाचं माप आहे. ब्रीमचं तोंड लहान, त्याला दोन ते अडीच इंच, फार तर तीन. तीन आकार पुरेत: गोल वळलेल्या शेपटीचा ग्रब, बारीक सरळ शेपटीचं मिनो किंवा किडा, आणि पायांचा-नांग्यांचा कुर्लीसारखा एक. रंग दोन, एक फिकट पारदर्शक तपकिरी आणि एक गडद. तुमच्या सात रंगांपैकी पाच मित्रांना देऊन टाका. बर्कली गल्पसारखी वासाच्या द्रवात मुरवलेली प्लास्टिकं शिकणाऱ्याला फार उपयोगी, कारण मासा ती जरा जास्त वेळ तोंडात ठेवतो आणि तुम्हाला ओळखायला अवधी मिळतो. मात्र ती गळावर उन्हात राहिली की वाळून टणक होतात, आणि मग गळावरून सुरीने कापून काढावी लागतात. झीमॅनची जी ताणली तरी न तुटणारी असतात ती केंड माशांच्या दातांना टिकतात आणि शेपटी वर तरंगती ठेवतात. तळावर पडून राहिलेली असताना शेपटी वर डुलते, हे थांब्याच्या मासेमारीत मोठंच काम. फक्त ती इतर प्लास्टिकांबरोबर एका डबीत ठेवू नका, दोन्ही एकमेकांत विरघळून चिकट गोळा होतो. मूळ पाकिटातच ठेवा.

प्लास्टिक गळावर सरळ बसलं पाहिजे. हे छोटं वाटतं, पण वाकडं बसलेलं प्लास्टिक पडताना गोल गोल फिरतं, लाइनला पीळ पडतो आणि ब्रीम त्याला शिवत नाही. गळ जिथून बाहेर काढायचा तिथे आधी गळ शेजारी धरून नखाने खूण करा, मग टोचा. टाकण्याआधी एकदा पायाशी पाण्यात सोडून पाहा. शेळीच्या शेपटीसारखं तडफडत नसेल, नुसतं सरळ उतरत असेल, तर बरोबर.

शेपटी अर्धचंद्राकार, कात्रीने कापल्यासारखी गेली तर तो केंड. इथे त्याला टोडफिश म्हणतात, विषारी आहे, खायचा नाही, बोट त्याच्या तोंडाजवळ न्यायचं नाही. दोन-तीन शेपट्या गेल्या की जागा बदला. सगळं जिगहेडच कापून गेलं तर टेलर आलाय. फ्लॅटहेड हमखास लागेल, गालावरच्या काट्यांपासून हात सांभाळा.

हिवाळ्याचं थोडं वेगळं आहे. मे ते ऑगस्टमध्ये मोठे ब्रीम अंडी घालायला नदीच्या मुखाकडे गोळा होतात. पाणी थंड, नितळ. तेव्हा लीडर चार पौंडी, थांबा वीस आकड्यांपर्यंत, आणि उड्या अर्ध्या वितीच्या. उन्हाळ्यात उलट, मासा उथळ पाण्यात चढतो आणि उतरत्या प्लास्टिकला पहिल्या पाच आकड्यांतच घेतो.

आता कायदा, कारण आपल्या लोकांना यात दंड झालेले मी पाहिलेत आणि वाईट वाटतं. न्यू साउथ वेल्समध्ये अठरा वर्षांवरील माणसाला मासेमारीची फी भरावी लागते, वर्षाची 35 डॉलर, पावती फोनवर बरोबर हवी. ब्रीम नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किमान 25 सेंटिमीटर हवा, आणि ब्रीम व त्याच्यासारखाच टारव्हाइन मासा मिळून माणशी दहा. आकडे बदलतात, तेव्हा जायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर एकदा बघा. व्हिक्टोरियात ब्रीमची मर्यादा 28 सेंटिमीटर. मेलबर्नमधल्या मंडळींना मिळतो तो बहुतेक ब्लॅक ब्रीम, तो वसंतात नदीच्या वरच्या भागात अंडी घालतो. तिथल्या मॅरिबर्नाँग नदीवर जाणाऱ्यांनी हिवाळ्यातला माझा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

25 सेंटिमीटरचा ब्रीम व्हायला साधारण पाच वर्षं लागतात. ही गोष्ट कळल्यापासून मी वर्षाला चार-पाचच घरी नेते. मोठे मासे बहुतेक माद्या असतात, यातले बरेच आधी नर असतात आणि पुढे मादी होतात. मोठा सोडायचा आणि तीस-बत्तीसचा न्यायचा, असं मी करते. सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने त्याचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा काटा पक्कडने दाबून ठेवला तर सोडणं दोन सेकंदांचं काम.

आणि खाण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. सिडनी हार्बरमध्ये हार्बर ब्रिज या पुलाच्या पश्चिमेला धरलेला कुठलाही मासा खाऊ नये, असा सरकारी सल्ला आहे. पॅरामाटा नदी त्यातच येते. होमबुश बे-रोड्स भागातल्या जुन्या रसायन कारखान्यांमुळे तळच्या गाळात डायॉक्सिन आहे, आणि 2006 पासून हार्बरमध्ये व्यावसायिक मासेमारी बंद आहे. पुलाच्या पूर्वेकडच्या माशालाही मर्यादा आहेत. आपले बरेच लोक पॅरामाटा, वेस्टमीड, वेंटवर्थव्हिल भागात राहतात आणि घराजवळची नदी म्हणून तिथेच गळ टाकून मासे मुलांना खाऊ घालतात. मी स्वतः दोन कुटुंबांना हे सांगितलं तेव्हा त्यांना काहीच माहीत नव्हतं. तिथे मजेने धरा, सोडून द्या. जॉर्जेस नदी किंवा आणखी कुठली असेल, तिथला खाण्याबद्दलचा सल्लाही आधी वाचा, मगच तवा ठेवा.

तुम्ही शेवटी विचारलंय की सुट्टीत दाभोळला गेल्यावर हे सामान चालेल का. मी देवगडच्या खाडीत भांगाच्या दिवसांत, पाणी स्वच्छ असताना, तिवरांच्या कडेला 1/8 औंसवर पालू धरलेत. तांबोशी लागली तर मात्र सहा पौंडी लीडर एका हिसक्यात जातो, 15-20 पौंडी लावा. पावसाळ्यात गढूळ पाण्यात हे सामान घरीच ठेवा, तिथे कोळंबीच बरी.

पुढच्या शनिवारी असं करा. आदल्या रात्री घरी 1/16 औंसची तीन जिगहेड्स आणि अडीच इंची तपकिरी ग्रबचं एक पाकीट, एवढंच खिशात ठेवा, बाकी पेटी घरी राहू दे. पेटी बरोबर असली की हात रंग बदलायला जातो. उजाडायच्या आधी लुगार्नोच्या खडकाळ काठावर पोचा. ओल्या खडकावर पकडीचे बूट, कयाक असेल तर लाइफजॅकेट. पहिले दोन टाक आकडा शोधायला. मग काठाला समांतर, सावकाश, दर वेळी दहा आकडे थांबून. एका जागी पंधरा टाक, मग वीस पावलं पुढे. तुमचे हात सारखे रील फिरवायला जातील, तेव्हा रॉड डाव्या हातात धरून उजवा हात मोकळा सोडा, मी सुरुवातीला असंच केलं.

आल्यावर कळवाल तेव्हा रंग लिहू नका. पाणी किती खोल होतं, तळाला किती आकडे लागले, आणि टोच पडताना आली, पडून राहिल्यावर आली की ओढताना, एवढं लिहा. त्यावरून पुढचं जिगहेड कुठलं घ्यायचं ते सांगते.